तू पुढे हो, मी येते

चिपळूणच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे : "आम्ही नणंद-भावजय क्रूझच्या जहाजाने मुंबईहून गोव्याला जाणार आहोत. मी गावाहून येणार, ती पुण्याहून. दोघींचं बुकिंग एकच आहे, केबिन एकच. मग जहाजावर एकत्रच चढावं लागतं का? एकीला उशीर झाला तर दुसरीने काय करायचं?"

प्रश्न वाचून मला हसू आलं, कारण गेल्या हिवाळ्यात हाच धडा मी चांगला घाम गाळून शिकले.

खालाची मुलं परदेशात आहेत. त्यांनी तिला आणि मला मिळून मुंबई-गोवा-मुंबई अशी क्रूझची तिकिटं काढून दिली. खाला बहात्तर वर्षांची. खालू आयुष्यभर जहाजावर नोकरीला होते, पण खालाने मोठ्या जहाजात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ती रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने येऊन डोंगरीला भाच्याकडे उतरणार, मी मुंब्र्याहून निघणार आणि बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर भेटायचं असं ठरलं. बोर्डिंगची वेळ कागदावर होती : दुपारी १ ते ३:३०. जहाज सुटणार ५ वाजता.

तयारी सगळी माझ्याकडे. दोघींचं वेब चेक-इन मी केलं, दोघींचे बोर्डिंग पास छापले आणि एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले. फोनवर खालाला म्हटलं, "तू काही काळजी करू नकोस, कागद सगळे माझ्याकडे आहेत."

खाला म्हणाली, "माझा कागद माझ्याकडे पाठव, बेटा."

"अगं, आपण एकत्रच जाणार ना?"

"असू दे. तरी पाठव."

म्हातारं माणूस, म्हणून मी भाच्याच्या मोबाइलवर तिचा पास पाठवला. त्याने डोंगरीत प्रिंट काढून तिच्या हातात दिला. मूळ आधार कार्ड तिच्या बटव्यात होतंच.

निघायच्या दिवशी सकाळी मी माझ्या कार्डाची झेरॉक्स काढली आणि लोकल पकडली. ठाण्याला आल्यावर फोल्डर उघडून पाहते तर झेरॉक्स आहे, मूळ कार्ड नाही. ते दुकानातल्या मशीनच्या काचेवरच राहिलं होतं! टर्मिनलवर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं, झेरॉक्स चालत नाही, हे मीच खालाला चारदा बजावलं होतं. उतरले आणि मुंब्र्याची उलटी गाडी पकडली. दुकानदाराने कार्ड गल्ल्यात जपून ठेवलं होतं, त्याचं भलं होवो. पण माझा दीड तास गेला.

दीड वाजता खालाचा फोन आला. "मी गेटावर आले आहे. भाच्याला आत सोडत नाहीत. तू कुठे आहेस?"

मी सांगितलं आणि घाबरून म्हटलं, "तू बाहेरच थांब. मी आल्याशिवाय आत जाऊ नकोस."

क्षणभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी बाहेर थांबले तर तू लवकर येणार आहेस का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"मग मी पुढे होते. तू ये."

आणि खाला एकटी आत गेली.

आता भगिनींच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, एकत्र चढावं लागत नाही. बुकिंग एक असलं तरी जहाजाच्या लेखी प्रत्येक माणूस वेगळा असतो. प्रत्येकाचं चेक-इन वेगळं, बोर्डिंग पास वेगळा, ओळखपत्र वेगळं. काउंटरवर प्रत्येकाचा फोटो काढतात आणि प्रत्येकाला त्याचं वेगळं कार्ड देतात. तेच कार्ड केबिनची किल्ली, तेच जहाजावरच्या खरेदीचा हिशेब आणि बंदरावर उतरताना-चढताना तेच मशीनला दाखवायचं. जोडीदार आला नाही म्हणून तुम्हाला कोणी अडवत नाही. मात्र जोडीदाराच्या बॅगेत तुमचा कागद असेल, तर तुम्ही गेटाबाहेर आणि कागद लोकलमध्ये, अशी गत होते.

म्हणून पहिली गोष्ट : मूळ ओळखपत्र, बोर्डिंग पासची प्रिंट, थोडे पैसे आणि चार्ज केलेला फोन ज्याचा त्याच्याकडे. पास फक्त मोबाइलवर ठेवू नका, बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती आपल्या घरांमध्ये विशेष जपायला हवी. एकाच बाईच्या आधार कार्डावर नावापुढे 'बी' असतं, मतदार कार्डावर 'बेगम', पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव आणि बँकेत माहेरचं. तिकीट काढणारा मुलगा मात्र घरात हाक मारतात ते नाव टाकून मोकळा होतो. सोबत घरचा पुरुष असला की तो काउंटरवर समजावत बसतो. एकटीने चढायचं तर जे कार्ड दाखवणार त्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. फरक असेल तर कंपनीला आधीच कळवून दुरुस्त करून घ्या.

तिसरी गोष्ट औषधांची. मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात, केबिनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांना लावतात आणि काही तासांनी त्या केबिनच्या दाराशी येतात. तोवर रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन, चष्मा, जानमाज, जे लागेल ते हातातल्या पिशवीत हवं. दोघींची औषधं एकीच्या बॅगेत, हा प्रकार नको. बॅगेची चिठ्ठीही दोघींकडे वेगवेगळी असावी.

चौथी गोष्ट वेळेची. जहाज ५ ला सुटतं म्हणजे ५ ला दार बंद होतं असं नाही. बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या तास-दीड तास आधीच चेक-इन बंद होतं, कारण त्यानंतर माणसांची यादी पक्की करायची असते. "मी हुकले तर गोव्याला येऊन चढेन" हेही धरून चालू नका. पुढच्या बंदरात चढायचं असेल तर कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. परदेशी बंदर असेल तर व्हिसाचा प्रश्न वेगळाच. लहान मूल सोबत असेल, तर त्याचे कागद त्याला हाताला धरून आणणाऱ्या मोठ्या माणसाकडेच हवेत. आई-बाप वेगळे येणार असतील किंवा मूल मामू-खालाबरोबर येणार असेल, तर संमतीपत्र लागतं का ते आधी विचारा.

माझं काय झालं ते सांगते. मी ३ वाजून १० मिनिटांनी धापा टाकत काउंटरवर पोचले. तिथली मुलगी माझं नाव वाचून म्हणाली, "तुमच्या खाला सांगून गेल्यात, भाची मागून येते आहे म्हणून." केबिनच्या दारात पोचले तर खाला पलंगावर शांत बसलेली. मला पाहून पहिलं वाक्य : "आपली जागा डाव्या अंगाला आहे, मी पाहून आले."

जागा म्हणजे संकटाच्या वेळी जमायची जागा. ती केबिननुसार ठरलेली असते आणि कार्डावर किंवा केबिनच्या दारामागे लिहिलेली असते. वेगवेगळं चढणाऱ्यांनी ती कवायत चुकवू नये, यामागे एक कटू अनुभव आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलियो बेटाजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची सवड होती. २०१५पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच नव्या प्रवाशांना ही माहिती द्यावीच लागते. तेव्हा मागून आलेल्या माणसाने आधी सामान लावत बसू नये, आधी आपली जागा पाहून यावी.

रात्री जेवताना मी खालाला विचारलं, "तुला कागद स्वतःकडे ठेवायचं कसं सुचलं?"

तिने लहानपणची गोष्ट सांगितली. तेव्हा कोकणातून मुंबईला आगबोटीने यायचं. बोट धक्क्याला लागत नसे, लांब समुद्रात उभी राही आणि पडावात बसून तिच्यापर्यंत जावं लागे. एका पडावात सगळं घर मावत नसे. नानी पोरांना दोन पडावांत बसवायची आणि प्रत्येकाच्या मुठीत त्याचं तिकीट कोंबायची. म्हणायची, "मी दिसले नाही तरी रडायचं नाही. शिडी चढायची आणि वर जाऊन थांबायचं." सगळी वर आली की नानी डोकी मोजायची. तिच्या मनात 'रामदास' बोटीची भीती घर करून होती. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि ६००हून अधिक माणसं गेली. कोकणच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत आजही त्या दिवसाची गोष्ट सांगतात.

नानी पोरांची डोकी मोजायची, तसंच आजची जहाजंही माणसं मोजतात. 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर जगातल्या देशांनी मिळून सागरी सुरक्षेचा करार केला. पुढे तो अनेकदा सुधारला गेला. प्रवासी जहाज निघण्याआधी त्यावरच्या सगळ्या माणसांची मोजणी झालीच पाहिजे, असं आज त्यात आहे. काउंटरवरची ती मुलगी, तो फोटो, ते कार्ड हे सगळं त्यासाठीच. मोजताना जहाज कोण कोणाबरोबर आलं ते विचारत नाही, एकेक माणूस मोजतं.

मग खाला म्हणाली, "पुढे लग्न झालं. माझे कागद आधी खालूंकडे, मग थोरल्याकडे. हजला गेले तेव्हाही पासपोर्ट त्याच्या कमरेच्या पट्ट्यात. मला कोणी त्रास दिला नाही गं, सगळे मायेनेच करत होते. पण पन्नास वर्षांत आज पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं, तुमचा कागद? आणि तो माझ्याच हातात होता."

मला फोनवरचं माझं वाक्य आठवलं : मी आल्याशिवाय आत जाऊ नकोस. तेही मायेनेच म्हटलं होतं. तिने ते ऐकलं असतं, तर मी येईपर्यंत ती पावणेदोन तास उन्हात गेटाबाहेर उभी राहिली असती आणि मला अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींचं जहाज हुकलं असतं.

तेव्हा चिपळूणच्या भगिनींनो, तुम्ही आणि तुमच्या नणंदबाईंनी निघण्यापूर्वी एवढं ठरवा. जी आधी पोचेल ती आत जाईल, बाहेर थांबणार नाही. आत गेल्यावर फिरायला न जाता केबिनमध्ये थांबेल, कारण किनारा सुटला की मोबाइलची रेंजही सुटते. आणि एकीचं जहाज हुकलंच, तर दुसरीने प्रवास करायचा की उतरायचं, हेही घरीच बोलून ठेवा. धक्क्यावर, घाईत, फोनवर तो निर्णय होत नाही.

खालाला मी तो प्रश्न विचारला होता. "मी पोचलेच नसते तर?"

"गेले असते की एकटी," ती म्हणाली. "गोवा पाहून आले असते. तुला काजू आणले असते."

संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा आम्ही दोघी वर कठड्याशी उभ्या होतो. गोदीच्या बाजूला बोट दाखवून ती म्हणाली, "खालू निघाले की मी तिथपर्यंत यायची, गेटापर्यंत." मग किनारा लहान होईस्तोवर ती तिकडेच पाहत राहिली. तिचं कार्ड तिच्या गळ्यात होतं.