तोंड वाकडं करणारं औषध

रविवारी सकाळी सिंहगड उतरून खडकवासल्याच्या पाण्याकाठी बाइक स्टँडला लावलीत आणि हातात तिखटमीठ लावलेला आवळा पडला, की पहिल्या चाव्यालाच तोंड आकसतं. बॉस, ही फिनॉलची करामत! आवळ्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, जिभेचा बुळबुळीतपणा जातो आणि आपण म्हणतो, 'तुरट'. जांभळं खाल्ल्यावर जीभ रंगते, तो रंगही याच खानदानातला. झाडाला पळता येत नाही ना. मग कीड, बुरशी, कडक ऊन यांच्याशी लढायला ते अशी रसायनं बनवतं.

त्यातलं सगळ्यात फेमस म्हणजे हळदीतलं करक्युमिन. जखमेवर हळद दाबायची, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला नेमकं याच गोष्टीचं पेटंट मिळालं! पुण्याच्या एनसीएलचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेने जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुराव्यादाखल पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. सॉलिड ना?

पण म्हणून हळदीच्या कॅप्सूलचा डबा घ्यायला धावू नका. हळदीत करक्युमिन जेमतेम तीनेक टक्के, आणि तेही आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी मिऱ्यातलं पायपरिन जोडीला दिलं, तेव्हा ते माणसांच्या शरीरात तब्बल वीस पट शोषलं गेलं. 'हळद प्लस मिरी'वाल्या गोळ्यांचा फंडा हाच. आमटीतल्या चिमूटभर हळदीला घाबरायचं कारण नाही, पण अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याच्या केसेस इटलीत २०१९ मध्ये नोंदल्या गेल्या, नंतर अमेरिकेतही. जिममधला मित्र म्हणतो म्हणून सुरू केल्या असतील आणि भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळ्या बंद करा आणि सरळ डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी विचारा, मग घ्या.

आणि हो, आपला लाडका चहा! त्यातही फिनॉल्स भरपूर. पण जेवणासोबत घेतला, तर पालेभाजी आणि कडधान्यांतलं लोह तो पकडून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मैत्रिणींनो, डबा संपला की लगेच टपरीकडे पळू नका, तासभर दम धरा. मटकीच्या उसळीवर मात्र लिंबू जरूर पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त शोषलं जातं.

चार वाजताच्या चहाला आपली काहीच हरकत नाही.