प्रशिक्षण झाले, पुढे काय?

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी'ला मंजुरी दिली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपये खर्च करण्याचे ठरले आणि 'आयगॉट' हे ऑनलाइन व्यासपीठ उभे राहिले. अभ्यासक्रम किती जणांनी पूर्ण केला, हे मोजणे सोपे आहे. शिकलेले कामात उतरले का, हा खरा प्रश्न आहे.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांवर करावे, असे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मांडले होते : प्रशिक्षणार्थींचे समाधान, त्यांचे ज्ञान, कामातील वर्तन आणि अंतिम परिणाम. आपल्याकडील मोजदाद बहुधा दुसऱ्या पायरीवरच, म्हणजे परीक्षा आणि प्रमाणपत्रापाशी, थांबते.

त्यापुढे काय घडते, हे उत्तर प्रदेशातील एका प्रयोगाने दाखविले. सुरक्षित प्रसूतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली पडताळणी यादी तेथील २४ जिल्ह्यांतील ६० आरोग्य केंद्रांत देण्यात आली; तेवढ्याच केंद्रांत नेहमीची पद्धत कायम राहिली. केवळ यादी देऊन आयोजक थांबले नाहीत. मार्गदर्शक परिचारिका आठ महिने प्रसूतिगृहात येत, काम पाहत आणि चुका तेथेच दाखवीत. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांनी या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के पार पडत होत्या. इतरत्र ४२ टक्के. मार्गदर्शन संपून चार महिने लोटल्यावर मात्र हे प्रमाण ६२ टक्क्यांवर घसरले. माता व नवजात बालकांच्या मृत्यूंमध्ये तर लक्षणीय फरक पडलाच नाही.

यातून दोन धडे मिळतात. कामाच्या जागी सोबत मिळाली तर सवयी बदलतात. ती सुटली की जुने वळण परतू लागते. शिवाय, सवय बदलली म्हणून परिणाम साधेलच असे नाही. त्यासाठी साधने, मनुष्यबळ आणि वरिष्ठांचे पाठबळही लागते.

सरकारी कार्यालय असो वा खासगी कंपनी, प्रशिक्षणाहून परतलेल्या कर्मचाऱ्यासमोर तुंबलेल्या फायली आणि 'इथे असेच चालते' म्हणणारे वरिष्ठ असतात. नवी पद्धत वापरण्याची मुभा, विचारपूस करणारा वरिष्ठ आणि काही महिन्यांनी प्रत्यक्ष कामाची पाहणी, एवढी तरतूद तरी प्रशिक्षणाच्या खर्चातच असावयास हवी. अन्यथा प्रमाणपत्रे वाढतील. खिडकीसमोरची रांग मात्र तशीच राहील.