प्रहेलिका, शब्दकोडे आणि आपण

वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवणारा माणूस आम्हां मराठीच्या प्राध्यापकांच्या लेखी वाचक नसतो. फार तर वेळ घालवणारा गृहस्थ असतो. या तुच्छतेला शास्त्राधारही आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त प्रहेलिकेला अलंकारांच्या पंक्तीतून उठवले, कारण ती रसाच्या आड येते. दण्डी त्यामानाने उदार. ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात त्याने तिचे सोळा प्रकार सांगितले आणि विनोदगोष्ठींत ती उपयोगी पडते, असेही नमूद केले. आपण शिकवतो दोघांनाही, पण वागतो विश्वनाथाप्रमाणे. मला हे अलीकडे पटेनासे झाले आहे.

चौकटींचे कोडे मूळचे परके, हे खरे. आर्थर विन याचे पहिले कोडे १९१३ साली ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आले. पण इंग्रजीत एका घरात एक सुटा वर्ण बसतो. मराठीत अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसह. एवढ्या फरकाने सगळा खेळ बदलतो. ‘कविता’ आडवी लिहिली, तर तिच्या मधल्या घरात ‘कवी’ उभा उतरत नाही. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी त्याची वेलांटी दीर्घ केली आहे. (कवितेपासून कवीला शुद्धलेखनानेच तोडले, असे कोणी म्हणेल!) काही कोडेकार येथे ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतात आणि कोडे सैल पडते. शिवाय चौकट भरायला दोन-तीन अक्षरी शब्द लागतात. म्हणून बोलण्यातून केव्हाच गेलेले रव, खग, नग, तुरग तेथे अजून नांदतात. ‘आवाज’ एवढाच संकेत असला, की ‘रव’ की ‘नाद’ हे ठरवायला आडव्या शब्दाची वाट पाहावी लागते.

माझी तक्रार आहे ती या संकेतांविषयी. समानार्थी शब्द, नाहीतर नट-नट्यांची नावे, बस्स. ज्या भाषेत मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचले, त्या भाषेतील कोडेकार श्लेषाला हातही लावत नाही, हे नवल आहे. मराठी अक्षरे सहज सुटतात आणि सहज उलटतात. ‘सदा उलटला, की चाकर (२)’: दास. ‘घाव घालतो, तरी माळकरी (४)’: वारकरी. सभंग श्लेष शिकवताना हा दुसरा संकेत मी फळ्यावर लिहिला, तेव्हा व्याख्येला पेंगणारा वर्ग सावरून बसला.

यात साहित्य कोठे आहे, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. नाहीच. कोडे सुटले की संपते, कविता तशी संपत नाही. तेवढ्यापुरता विश्वनाथ बरोबर आहे. पण कवितेपाशी जाण्याआधी शब्द हातात घेऊन उलटसुलट करून पाहण्याची सवय आपला अभ्यासक्रम कोठे लावतो, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने स्वतः रचलेला संकेत आणला: ‘राज उलटले आणि म्हातारपण आले (२)’. ‘जरा’चा हा अर्थ कोठे सापडला, असे मी विचारले. रोजच्या कोड्यात, ती म्हणाली. वडील सोडवतात आणि दोन-चार घरे तिच्यासाठी रिकामी ठेवतात.