फुगा किती फुगवायचा?

घरातली वडीलधारी माणसं जिना चढताना थांबू लागली, की आपण सहज म्हणतो, "वय झालं." बहुतेकदा ते खरंही असतं. पण दम लागणं, छातीत दुखणं, चालता चालता चक्कर येऊन पडणं, यामागे हृदयाची झडपही असू शकते.

हृदयातून शुद्ध रक्त महाधमनीत जातं, तिथे तीन पाकळ्यांची एक झडप असते. ती पूर्ण उघडली की वाट साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते. उतारवयात काहींच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या कडक होतात. वाट १ चौरस सेंटिमीटरच्या आत आली की दुखणं गंभीर समजतात. अरुंद झालेली ही वाट औषधगोळ्यांनी मोकळी होत नाही.

फ्रान्समधल्या रूआँ शहरातले डॉक्टर अलँ क्रिबिए यांनी १९८५ साली अशा झडपेत फुगा नेऊन तो फुगवला. कडक पाकळ्या सैल झाल्या, रुग्णांना लगेच आराम पडला. पण काही महिन्यांत वाट पुन्हा अरुंद होऊ लागली. फुगा दार उघडत होता, पण ते उघडं राहत नव्हतं. मग दारच नवं का बसवू नये? या विचारातून क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी, छाती न उघडता, कॅथेटरने पहिली नवी झडप माणसाच्या हृदयात बसवली. आज हीच पद्धत 'टावी' म्हणून ओळखली जाते.

मग फुगा निकामी झाला का? नाही, त्याचं काम बदललं. नवी झडप नेण्याआधी वाट करायला तो वापरतात. काही झडपा फुग्यावरच बसवलेल्या असतात, त्या त्याच्याबरोबर उघडतात. काही आपोआप उघडतात. झडप बसल्यावर कडेने रक्त झिरपत असेल, तर ती नीट टेकावी म्हणून पुन्हा एकदा फुगवतात.

फुगवताना गंमत अशी, की हृदयाचा प्रवाह फुग्याला ढकलून देईल म्हणून काही सेकंद तात्पुरत्या पेसमेकरने हृदय मिनिटाला १८० ते २२० ठोक्यांवर नेतात. तेवढ्यापुरतं हृदय जवळजवळ रक्त फेकतच नाही. डॉक्टर त्या क्षणात फुगा फुगवतात आणि लगेच रिकामा करतात.

खरं कसब मापात आहे. फुगा कमी फुगला तर कडेने गळती राहते. जास्त फुगला तर झडपेची कड फाटू शकते. कॅल्शियमचा कण सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात होऊ शकतो. जवळून जाणाऱ्या विद्युतवाहिनीवर दाब आला तर कायमचा पेसमेकर लागू शकतो. म्हणूनच आधी सीटी स्कॅनवर मिलिमीटरमध्ये मोजमाप घेतात, आणि गरज नसेल तिथे आधीचा फुगा आता अनेकदा टाळतात.

आजी-आजोबांच्या फाइलवर 'एओर्टिक स्टेनोसिस' लिहिलेलं दिसलं, तर तरुणांनी डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारावेत : झडपेची वाट किती उरली आहे? छाती उघडून शस्त्रक्रिया बरी की टावी, आणि का? आधी फुगा वापरणार का? पेसमेकर लागण्याची शक्यता किती? नवी झडप किती वर्षं टिकेल? ही झडप गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून बनवलेली असते, त्यामुळे घरात कुणाची त्याला हरकत असेल तर तेही आधीच बोलून घ्यावं.

आणि चक्कर किंवा दम सुरू झाल्यावर "सणवार झाले की बघू" म्हणू नका. झडप गंभीर अरुंद असताना लक्षणं दिसू लागली, की उपचाराविना हातात फार वर्षं नसतात. साधी इको तपासणी बहुतेक वेळा उलगडा करते. तिची तारीख या आठवड्यातच घ्या.