शरदातील धाव आणि शेवटचा धावणारा

हल्ली आपल्या महाराष्ट्रात धावण्याच्या शर्यती भरविण्याची हौस पुष्कळच वाढली आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. आणि २०१२ पासून पावसाळा सरता सरता साताऱ्याचे लोक यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेला धावू लागले. आता जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा शर्यतींची पत्रके झळकतात. ही हौस निंद्य नव्हे, स्तुत्यच आहे. आमच्या सोनगीरच्या परिसरातही शरदऋतूत जलाशयाच्या काठाने एक लहानशी शर्यत दरसाल व्हावी, असे आम्हांस मनापासून वाटते. मात्र ती कशासाठी व्हावी आणि कशी व्हावी, याचा विचार आधी झाला पाहिजे. नाहीतर चांगल्या कामाचा तमाशा होण्यास वेळ लागत नाही.

प्रथम नावाविषयी. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर प्रथम धावले गेले आणि १९२१ साली ते कायमचे ठरले. याच्या अर्ध्या शर्यतीस अर्धमॅरेथॉन म्हणावे. पण तीन वा पाच किलोमीटरच्या दौडीस मॅरेथॉन म्हणणे म्हणजे ओढ्याला समुद्र म्हणण्यासारखे आहे. ज्या वस्तूचे जे नाव, तेच तिला द्यावे, हा विद्येचा पहिला धडा. म्हणून आम्ही सुचवितो त्या शर्यतीस नुसते ‘धाव’ म्हणावे. मोठ्या नावाची तिला गरज नाही.

जागा तर परमेश्वराने आपल्याला फार सुंदर दिली आहे. एका अंगास सोनगीरच्या टेकडीवरचा जुना किल्ला, त्याच्या पायथ्याशी तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव, आणि परिसरात जामफळचा जलाशय. तापीवरील सुलवाडे बंधाऱ्यातून पाणी उचलून जामफळ व कानोली येथे आणण्याच्या योजनेची पायाभरणी २०१९ साली झाली, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. खानदेशात पाणी ही सहज लाभणारी वस्तू नव्हे. ज्या मुलांनी चैत्र-वैशाखात हंड्यांच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांनी शरदात भरलेल्या तळ्याकाठून धावावे, यात एक मूक शिक्षण आहे. त्या पाण्यात प्लास्टिकची एकही बाटली पडू नये आणि काठच्या पाखरांना कर्ण्याचा उपद्रव होऊ नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

पण केवळ देखावा सुंदर आहे म्हणून शर्यत भरवावी, असे आमचे म्हणणे नाही. तिची खरी निकड अन्यत्र आहे. आमच्या भागातील अनेक तरुण पोलीस भरतीच्या वा सैन्याच्या आशेने पहाटे अंधारात धावण्याचा सराव करितात. पोलीस भरतीत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धावावे लागते. पुष्कळ घरांतून या काही मिनिटांवर साऱ्या कुटुंबाची आशा टांगलेली असते. ही मुले धावतात कोठे? गावालगतच्या डांबरी रस्त्यावर, आणि कित्येकदा थेट मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने, जेथे अवजड मालमोटारी रात्रंदिवस धावत असतात. अशा पहाटेच्या सरावात वाहनाखाली सापडून तरुण गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार वाचावयास मिळतात. धावण्यासाठी निर्भय वाट नसणे हे गावाचे उणे आहे, त्या मुलांचे नव्हे. वर्षातून एकदा शर्यत भरवावयाची झाली की वाट आखावी लागते, खड्डे बुजवावे लागतात, पाटबंधारे खात्याची व ग्रामपंचायतीची परवानगी काढावी लागते. तीच वाट मग वर्षभर मुलांच्या उपयोगी पडेल. आमच्या मते शर्यतीचा खरा लाभ तो हाच.

दुसरा लाभ मुलींचा. इयत्ता सातवीपर्यंत आमच्या मुली मैदानावर मुलांच्या बरोबरीने धावतात. दहावीपर्यंत त्यांतील बहुतेक मैदानाच्या कडेला बसू लागतात. शरीर थकले म्हणून नव्हे, लोक काय म्हणतील म्हणून. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत हिने २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, आणि २०१६ साली रिओ येथे ऑलिंपिक मॅरेथॉनही धावली. तिच्या घरच्यांनी व शिक्षकांनी तिला कडेला बसविले असते तर? आमची विनंती अशी की, या धावेत मातांनी मुलींसह धावावे, निदान चालावे. आई वाटेवर उतरली म्हणजे लेकीस कोणी काही विचारीत नाही.

ग्रामीण मुलांस हे क्षेत्र परके आहे असेही कोणी समजू नये. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेला फडेप्पा चौगुले हा बेळगावचा. जगातील नामांकित धावपटूंत त्याचा एकोणिसावा क्रमांक आला. त्याआधी पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतील अनवाणी धावणारी मुले पाहूनच सर दोराबजी टाटा यांच्या मनात भारताचा संघ पाठविण्याची कल्पना बळावली. आमच्या कापसाच्या रानांतून हिंडणाऱ्या पायांस बळ कमी नाही. कमी आहे ती शिस्त आणि देखरेख.

येथेच सावधगिरीचे चार शब्द सांगणे अवश्य आहे. पहिले, ऊन. आश्विनातील खानदेशी ऊन पावसाळ्याहून वाईट. १९१२ साली स्टॉकहोमसारख्या थंड देशातील नगरात कडक उन्हाचा दिवस निघाला आणि लाझारो नावाचा पोर्तुगीज धावपटू मॅरेथॉनमध्ये कोसळून दुसऱ्या दिवशी मरण पावला. म्हणून आपली धाव दिवाळीच्या सुटीनंतर, कार्तिकाच्या गार सकाळी व्हावी आणि ऊन चढण्यापूर्वी संपावी. रविवारची सकाळ आमच्या पुष्कळ कुटुंबांस उपासनेची. तेव्हा शनिवार बरा. दुसरे, पाणी. दर दोन किलोमीटरवर पाणी असावे, जोडीला मीठसाखरेचे पाणीही असावे. कारण नुसते पाणीच अतोनात प्याल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण उतरून जीवावर बेतू शकते. सांडव्याजवळ आणि खोल पाण्याच्या कडेस पोहणारी मोठी माणसे उभी असावीत. डॉक्टर व रुग्णवाहिका शेवटपर्यंत हालू नये.

तिसरी गोष्ट वयाची, आणि ती पालकांनी नीट ऐकावी. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये अठरा वर्षे पुरी झालेल्यांसच प्रवेश असतो. त्यामागे शरीरशास्त्र आहे. २००६ साली ओडिशात चार वर्षांच्या एका मुलास पुरीहून भुवनेश्वरपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर धावविण्यात आले. देशभर टाळ्या पडल्या. मग डॉक्टरांनी व सरकारने हस्तक्षेप केला. मोठ्यांच्या हौसेसाठी लेकराचे पाय वापरणे हे कौतुक नव्हे. आमच्या धावेत लहानांस एक किलोमीटर, माध्यमिक शाळेतील मुलांस तीन, आणि मोठ्यांस दहा एवढेच अंतर असावे. सोनगीरची मुले तांबटाच्या हातोडीचा नाद ऐकत वाढतात. तांब्याचा पत्रा एका दणक्याने हंडा होत नाही, फाटतो मात्र. हलक्या, सारख्या ठोक्यांनीच त्यास आकार येतो. शरीराचेही तसेच आहे.

कोणी म्हणतील, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत हा उद्योग कशाला? आक्षेप खोटा नाही. ज्या घरातील मूल सकाळी शेतात जाते, त्या घरास धावण्याचा उपदेश करणे सोपे, पाळणे कठीण. म्हणूनच धाव एका सकाळीची असावी, प्रवेशास पैसे नसावेत, आणि विशिष्ट बूट वा रंगीत सदरा कोणावर लादू नये. रोख बक्षिसांच्या मोठ्या रकमाही नकोत. मोठी रक्कम ठेविली की बाहेरगावचे तयार धावपटू येतात, पैसे घेऊन जातात, आणि गावची मुले टाळ्या वाजविण्यास उरतात. त्या पैशांत वाट दुरुस्त करावी, रुग्णवाहिका आणावी.

लहान शर्यतीचे मोठेपण कशात आहे, हे आता सांगतो. जेथे हजारो धावतात, तेथे शेवटच्या माणसाची ओळख कोणास असणार? लहान गावात मात्र तो कोणाचा मुलगा, कोणाची सून, हे सर्वांस ठाऊक असते. म्हणून आमची सूचना अशी की, पहिला धावणारा पोहोचला म्हणजे समारंभ संपला, असे समजू नये. शेवटचा येईपर्यंत कोणीही मंडप सोडू नये, पाण्याचे एकही ठिकाण उठवू नये, आणि पाहुण्यांनी भाषणास उभे राहू नये. शेवटचा सुखरूप आला म्हणजे धाव यशस्वी झाली. याच मापाने तिचे मूल्य ठरावे.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस शर्यतीचा दाखला दिला, तो त्या नगराजवळ भरणाऱ्या खेळांवरून. त्याने गौरविला तो संयम. प्रेक्षकांचा गलबला नव्हे. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही भरतीसाठी धावा, आरोग्यासाठी धावा, आनंदासाठी धावा. पण धावताना मागे कोणी पडला तर एकदा वळून पाहा. आणि पालकहो, आपण प्रथम मुलांस महामार्गावरून उठवून तळ्याच्या काठी आणू या. वाट निर्भय केली की पाय आपोआप धावू लागतील.