मातीच्या भिंतीवरील दुसरे नाव

पॅरिसमधील युनेस्कोच्या मुख्य कार्यालयाच्या आवारात भाजलेल्या मातीच्या दोन भिंती आहेत. एक सूर्याची, सुमारे १५ मीटर लांब; दुसरी चंद्राची, तिच्या निम्म्या लांबीची. दोहोंची उंची ३ मीटर. १९५८ साली त्या पुऱ्या झाल्या, त्याच वर्षाचा गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला आणि ‘मीरोच्या भिंती’ म्हणून त्या जगाला ठाऊक झाल्या. स्पॅनिश चित्रकार जोआन मीरो याचे त्यांवरील ऋण कोणीही नाकारणार नाही. पण मीरो हा कुंभार नव्हता. त्या भिंतींची माती मळणारा, झिलई सिद्ध करणारा आणि भट्टीसमोर रात्री काढणारा माणूस होता जोसेप ल्योरेन्स आर्तिगास. कलेच्या इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे हे नाव फारसे गेले नाही, आणि तसे का झाले याचा विचार करण्याजोगा आहे.

आर्तिगास (१८९२–१९८०) हा बार्सिलोनाचा. तो परंपरेने कुंभार नव्हे; शिकलेला, लिहिणारा, वृत्तपत्रांतून कलासमीक्षा करणारा गृहस्थ होता. १९१८ मध्ये मीरो व इतर तरुणांबरोबर त्याने कलावंतांचा एक गट काढला, पुढे पॅरिस गाठले आणि प्राचीन इजिप्तच्या निळ्या झिलईवर शास्त्रशुद्ध अभ्यास केला. चित्रकार राऊल द्यूफी याच्याबरोबरही त्याने काम केले. एवढी विद्वत्ता पदरी असलेला माणूस एखाद्या विद्यापीठात सुखाने स्थिरावता. त्याने मात्र चाक आणि भट्टी पत्करली. उतारवयातही स्पेनमधील खेड्यापाड्यांच्या कुंभारकामावरील ग्रंथाच्या लेखनात त्याने भाग घेतला. ज्यांच्या हातून ही विद्या टिकली, त्या निनावी कारागिरांचे देणे त्याने कधी विसरले नाही, असे म्हणावे लागेल.

मीरोबरोबरचे त्याचे खरे सहकार्य १९४४ पासूनचे. आरंभी भांडी, फुलदाण्या. पुढे गायिफा या डोंगरी गावातील भट्टीवर मोठ्या वस्तू. युनेस्कोने १९५५ मध्ये भिंतींचे काम सोपवले तेव्हा आर्तिगास साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेला होता आणि एवढ्या आकाराचे काम त्यानेही पूर्वी केलेले नव्हते. कामाआधी दोघे अल्तामिराच्या गुहांतील आदिम चित्रे पाहून आले. जवळच्या सान्तिल्याना गावच्या जुन्या चर्चची ओलीने खाल्लेली, कोठेही सरळ रेष नसलेली भिंतही त्यांनी पाहिली. इकडे भट्टीतून चौकोनी, नेटक्या, सारख्या मापाच्या सुमारे अडीचशे फरश्या निघालेल्या होत्या. मालात खोट काही नव्हती. तरीही दोघांनी त्या साऱ्या बाद केल्या व वेड्यावाकड्या आकाराच्या फरश्या नव्याने घडवायला घेतल्या. संत गोरोबाकाकांच्या थापटीची कथा आपल्याकडे प्रसिद्ध आहे. पण तेथे कच्चे मडके ओळखायचे होते. येथे पक्की भाजलेली माती नाकारायची होती आणि मातीबरोबर कित्येक टन लाकूड व महिन्यांची मजुरीही बुडणार होती. कोणत्याही सरकारी लेखापरीक्षकाने यावर शेरा मारला असता!

या कामात चित्रकार आणि कुंभार यांची श्रमविभागणी सरळ नसते. कच्च्या झिलईचा रंग आणि भाजणीनंतरचा रंग यांचा डोळ्यांना दिसणारा संबंध थोडाच. म्हणजे चित्रकार जवळजवळ डोळे मिटूनच रंगवतो. पुढे काय उमटेल हे कुंभाराच्या अनुभवाला ठाऊक असते आणि उरलेले अग्नीला. जमिनीवर मांडलेल्या फरश्यांवर मीरोने केरसुणीसारख्या लांब कुंच्याने काही मीटर लांबीची काळी रेष एका दमात ओढली, तेव्हा आर्तिगास श्वास रोखून पाहत राहिला. त्याची भीती रास्तच होती. तो झटका एका क्षणाचा, पण चुकला असता तर त्याखालच्या अनेक आठवड्यांच्या कामावर पाणी पडले असते. पस्तीस भाजण्यांनंतर ५८५ फरश्यांच्या या दोन भिंती पुऱ्या झाल्या.

त्यानंतर मातीच्या भिंतींची मागणी वाढली. हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात मीरोचे एक भित्तिचित्र होते. तेथे ते खराब होऊ लागले म्हणून १९६० मध्ये त्याच्या जागी मातीची भिंत आली. चित्र संग्रहालयात गेले आणि विद्यार्थ्यांच्या रोजच्या वावरात माती राहिली. सार्वजनिक जागेतील कलेसंबंधी यापेक्षा बोलका दाखला मिळणे कठीण. पुढे स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथे आणि १९७० च्या ओसाका प्रदर्शनात अशी कामे झाली. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या विमानतळावर ५० मीटर लांब, १० मीटर उंच आणि जवळजवळ पाच हजार फरश्यांची भिंत उभी राहिली. शहरात उतरणाऱ्या प्रवाशाचे स्वागत व्हावे म्हणून मीरोने ती नगरीला भेट दिली होती. भेट मीरोची, हे खरे. पण पंचाहत्तरी ओलांडलेला आर्तिगास आणि त्याचा पुत्र जोआन गार्दी यांच्या श्रमांवाचून ती देता आली नसती.

या विस्मरणाचा दोष मीरोकडे जात नाही. संयुक्त कामांवर मीरो आणि आर्तिगास ही दोन्ही नावे घातली जात. दुसरे नाव गाळले ते मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी, बातमीदारांनी आणि लिलावाच्या बाजाराने. बाजाराला एक नाव सोयीचे असते. दोन नावांची किंमत कशी ठरवावी हे त्याला कळत नाही. त्यामागे एक जुना समजही आहे. कल्पना ती कला, आणि तिला हात लावणारा तो केवळ अंमलबजावणी करणारा. आपल्याकडे तर हा समज अधिकच घट्ट आहे, कारण त्याला जातीची जोड आहे. सार्वजनिक इमारतीत भित्तिशिल्प बसवायचे झाले की आराखड्याला मान मिळतो, घडवणे निविदेत जाते आणि संगमरवरी पाटीवर उद्घाटकाचे नाव येते. मूर्ती ओतणारे, फरशी भाजणारे, दगड फोडणारे हात त्या पाटीवर क्वचितच चढतात. पाटी लांबवली तर खर्च वाढेल, हे कारण मात्र कोणी गंभीरपणे सांगू नये.

आर्तिगास १९८० मध्ये वारला. तीन वर्षांनी बार्सिलोनाच्या एका उद्यानात मीरोचे ‘स्त्री आणि पक्षी’ हे २२ मीटर उंचीचे काँक्रीटचे शिल्प उभे राहिले. ते रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी मढवलेले आहे. ते मातीकाम जोआन गार्दी याचे.