पोथी तीच, टाचण्या वेगळ्या

‘आईला स्तनाचा कॅन्सर होता, म्हणजे मलाही होणारच का हो?’ हा प्रश्न मला मराठीतून जितक्या वेळा येतो, तितकाच कन्नडमधूनही. गाठ म्हणा की गड्डे, भीती तीच.

मैत्रिणींनो, स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच जन्मतः मिळालेल्या सदोष जनुकामुळे होतात. (ते जनुक वडिलांकडूनही येतं, पण आपल्याकडे विचारतात ते आईच्याच माहेरचं!) त्यातलं बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये सापडलं. मग बाकीच्यांचं काय?

असं समजा, प्रत्येक पेशीत एकच पोथी आहे. यकृताची पेशी त्यातली काही पानं वाचते, त्वचेची दुसरी. नको असलेल्या पानांना मिथाइल नावाच्या रासायनिक टाचण्या मारलेल्या असतात. या व्यवस्थेला एपिजेनेटिक्स म्हणतात. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दिलेलं हे नाव.

कॅन्सरमध्ये टाचणी भलत्याच पानाला बसते. बीआरसीए-१ मधलं एकही अक्षर चुकलेलं नसतं, तरी ते मुकं होतं आणि डीएनएची डागडुजी अडते. ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं प्रथिन. त्याचं पान मिटलं की पेशी सुट्या होतात आणि रक्तातून हाडात, फुप्फुसात पोचतात. गंमत म्हणजे, तिथे बस्तान बसवताना काही पेशी तेच पान पुन्हा उघडतात! मला या रोगाचा सगळ्यात लबाड भाग हाच वाटतो.

टाचणी निघू शकते, म्हणून औषधांची आशा आहे. अस्थिमज्जेच्या एका विकारावर असं औषध अमेरिकेत २००४ पासून मान्य आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र वाट खडतर. पेशीतली पानं उलगडणाऱ्या एन्टिनोस्टॅट या औषधाने रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. तेव्हा ‘जनुकं शुद्ध करणारा काढा’ कुणी विकत असेल तर पैसे पर्समध्येच राहू द्या.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. आईच्या गाठीतल्या टाचण्या बहुतेक तिच्या हयातीत, त्याच पेशींत बसलेल्या असतात. त्या लेकीकडे येत नाहीत. सदोष जनुक मात्र येऊ शकतं. म्हणून आईला पन्नाशीच्या आत कॅन्सर झाला असेल किंवा घरात दोघीतिघींना झाला असेल, तर जनुकतपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि रिपोर्ट चांगला आला, तरी हाताला गाठ लागली तर ती दुखत नाही म्हणून दिवाळीनंतर बघू, असं करू नका.